सासूबाईंची सवत

सासूबाईंना एक सवत होती आणि ती तीन हजार वर्षांची होती. सूनबाई पहिल्यांदा त्या घरात गेली ती सून म्हणून नव्हे, अप्पांची विद्यार्थिनी म्हणून. दार उघडणाऱ्या बाईंनी तिला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बस. सर आत आहेत, माझ्या सवतीपाशी." बिचारीला बसावं की पळावं कळेना. मग अप्पा हातात ओलसर कागदाचा ठसा घेऊन बाहेर आले, आणि सवत म्हणजे एक क्रियापद आहे हे यथावकाश कळलं.

क्रियापद लुवियन भाषेतलं. अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, एके काळी माणसं या भाषेत बोलत, भांडत, एकमेकांना शिव्याशाप देत. आता ती कुणाच्याच घरात उरलेली नाही, फक्त दगडांवर आहे, चित्रांसारख्या खुणांनी कोरलेली. त्यातही हे क्रियापद महादुर्मीळ. अवघ्या जगात ते दोनच ठिकाणी सापडलेलं. एक अर्ध्या फुटक्या वाडग्यावर, जिथे त्याच्या मागचंपुढचं काहीच शिल्लक नव्हतं, म्हणजे असून नसल्यासारखं. आणि दुसरं या गावच्या संग्रहालयातल्या उभ्या दगडावर. कुणा जुन्या शौकीन माणसाने तो दगड समुद्रापलीकडून आणवून स्वतःच्या बागेच्या फाटकात चुन्याने बसवून टाकला होता. तो मेल्यावर दगड संग्रहालयाला मिळाला, कडेच्या चुन्यासकट.

दगडावर एक बडा अधिकारी स्वतःची टिमकी वाजवतो. मी कोठारं बांधली, मी कालवा काढला, मी अमुक, मी तमुक. आणि शेवटी, विधवेच्या मुलाला मी असं असं केलं. हे 'असं असं' म्हणजेच आपलं क्रियापद. अप्पांनी ऐन उमेदीत त्याचा अर्थ लावला: पोटाशी धरणं. विधवेच्या मुलाला मी पोटाशी धरलं. तो अर्थ सगळ्या अभ्यासकांनी मान्य केला, कारण वाद घालायला कुणाकडे दुसरा दगडच नव्हता.

अप्पा म्हणजे भलतेच काटेकोर. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं म्हणायची, की अप्पा स्वतःच्या नावापुढेही प्रश्नचिन्ह घालतील. खात्री नसलेल्या प्रत्येक अर्थापुढे प्रश्नचिन्ह पाहिजे म्हणजे पाहिजे. सूनबाईचा अख्खा प्रबंध त्यांनी एकदा परत केला होता, एका राहिलेल्या प्रश्नचिन्हापायी, आणि तेव्हा तिचं त्यांच्या मुलाशी लग्न ठरलेलं होतं. त्यांच्या शब्दकोशाच्या पानांवर प्रश्नचिन्हांचं पीक आलेलं. फक्त एका नोंदीपुढे ते नव्हतं. 'पोटाशी धरणे.' पूर्णविराम.

त्याचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे माहीत आहे असं सगळ्यांना वाटत होतं. ज्या वर्षी अप्पांनी तो अर्थ लावला, त्याच वर्षी त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता. तो मुलगा म्हणजे सूनबाईचा नवरा. खराच एका विधवेचा मुलगा, आणि मग तीही गेली. शाळेत पोरांनी त्याला चिडवलं, तुला कुठून तरी उचलून आणलंय म्हणाले, तेव्हा रडत घरी आलेल्या त्या पोराला अप्पा हाताला धरून संग्रहालयात घेऊन गेले. त्याचं बोट दगडावर टेकवलं आणि म्हणाले, हा तुझा शब्द. इतक्या जुन्या काळात कुणीतरी कुणाला पोटाशी धरलं आणि ते सांगण्याजोगं वाटलं म्हणून दगडावर कोरून ठेवलं. आता जा, आणि सांग पोरांना, तुमच्यापैकी कुणाचा आहे का दगडावर शब्द?

पोरगा मोठा होऊन दातांचा डॉक्टर झाला. तोंडाचा मोकळा, मस्करीखोर. घरातही त्याला सगळे डॉक्टरच म्हणत. त्याच्या दवाखान्यात बसायच्या खोलीत त्या ओळीचं चित्र टांगलेलं होतं, आणि दाढ ठणकत असलेल्या माणसालाही तो ते चित्र समजावून सांगितल्याशिवाय सोडत नसे. लहानपणी अप्पांकडून तो आणखी थोड्या खुणा शिकला होता. त्यांतली नकाराची खूण तर घरात रोजच्या वापरातली. ती दुधाच्या पेल्यावर चिकटवली की दूध नको, खोलीच्या दारावर लावली की अभ्यास नको. सासूबाई अजूनही फ्रिजवर ती चिठ्ठी लावत, आतल्या कशाला हात लावायचा नसला की.

तर असं सगळं सुखात चाललेलं असताना सूनबाईला एका ओळखीच्या संशोधकाने फोटो पाठवले.

एका उत्खननात दगडाचा नवा तुकडा सापडला होता. त्यावर शाप कोरलेला. जो हे दार मोडेल, जो हे धान्य जाळेल, जो विधवेला असं असं करेल, त्याला देवांनी खाऊन टाकावं. आणि हे 'असं असं' म्हणजे पुन्हा तेच. सासूबाईंची सवत.

सूनबाईने आधी आनंदाने टेबलावर थाप मारली. तिसरं ठिकाण सापडलं होतं. संग्रहालयाच्या नव्या दालनासाठी अप्पांच्या दगडाची पाटी तीच लिहीत होती, शब्दकोशाची शेवटची तपासणीही तिच्याचकडे होती. नेमका मुहूर्त साधला म्हणायचा. मग तिने अप्पांचा अर्थ त्या जागी बसवून पाहिला. जो दार मोडेल, जो धान्य जाळेल, जो विधवेला पोटाशी धरेल, त्याला देवांनी खाऊन टाकावं. तिला हसू आलं. ते लगेच मावळलं.

कारण हिशेब सरळ होता. दार मोडणं आणि धान्य जाळणं यांच्या पंगतीला बसायचं तर हे कृत्यही तसलंच पाहिजे. घराबाहेर काढणं. हाकलून देणं. मग आपल्या दगडावरचा तो बडा अधिकारी काय म्हणतोय? विधवेच्या मुलाला मी हाकलून दिलं? कालवा आणि कोठारं मिरवणारा माणूस हे मिरवेल? शक्यच नाही. त्याच्या ओळीत मध्ये कुठेतरी एक 'नाही' असलंच पाहिजे.

आणि ते कुठे असू शकतं हे कळायला तिला फार वेळ लागला नाही. दगडावरच्या ओळी नांगरणाऱ्या बैलासारख्या वळतात. पुढच्या तोंडावरून अरुंद कडेवर, कडेवरून मागच्या तोंडावर. 'विधवेच्या मुलाला' हे पुढच्या तोंडाच्या शेवटी होतं आणि क्रियापद मागच्या तोंडाच्या सुरुवातीला. मधल्या कडेबद्दल अप्पांनी छापलं होतं: चुन्याने भरलेली, वाचता येत नाही. त्या वाक्यापुढेही प्रश्नचिन्ह नव्हतं. इतकी वर्षं ते पान तिला पाठ होतं आणि ही गोष्ट तिच्या कधी ध्यानात आली नव्हती.

तिने दालनाचा नकाशा काढून पाहिला. दगडाची दोन्ही तोंडं लोकांना दिसावीत म्हणून त्याची एक कड भिंतीतल्या खाचेत बसवायची होती, दाराची फळी चौकटीत बसते तशी. कुठली कड आत जाणार हे अप्पांनी ठरवलं होतं. चुन्याची. खाली त्यांची सही. सोमवारी सकाळी गवंडी येणार होता. एकदा खाच भरली की पुढची कित्येक वर्षं ती कड कुणाच्या दृष्टीस पडणार नव्हती.

त्या क्षणापासून तिच्या जिवाला चैन पडेना. पाटीचा मजकूर उघडायचा, बंद करायचा. भाजीत मीठ दोनदा पडलं आणि सासूबाईंनी ती ताटातल्या ताटात बाजूला सारली. इस्त्री चालू राहिली. मनात एकच घोळत होतं. कड वाचायची की नाही? वाचली नाही तर खोटा अर्थ पाटीवर, शब्दकोशात, कायमचा, तोही तिच्या हातचा. वाचली आणि 'नाही' निघालं, तर नवऱ्याच्या दवाखान्यातलं चित्र काय म्हणणार? ज्याला लहानपणी बोट टेकवून हा तुझा शब्द म्हणून सांगितलं, त्याला आता काय सांगायचं, की बाबा रे, तुझा शब्द म्हणजे हाकलून देणं?

संध्याकाळी चहाच्या वेळी तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, की अप्पा, त्या कडेवर काही असेल का हो?

"काही नाही तिथे," अप्पा म्हणाले.

लगेच म्हणाले. अप्पा कधीच लगेच बोलत नसत. 'बाहेर ऊन आहे का' विचारलं तरी खिडकीशी जाऊन बघून येणारा माणूस. आणि छापताना म्हटलं होतं वाचता येत नाही, आता म्हणत होते काही नाही. या दोहोंत किती अंतर आहे हे त्यांनीच तर तिला शिकवलं होतं. अप्पांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि आत निघून गेले, भिंतीला हात लावत, कारण आताशा त्यांना धड दिसत नसे.

आणि मग सूनबाईला राग आला. असा आला की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. एका प्रश्नचिन्हासाठी माझा प्रबंध परत करणारा माणूस, आणि स्वतःच्या नावासाठी अख्खी कड भिंतीत गाडतो? इतक्या वर्षांत मी या माणसाला देव मानलं. तिला रडूही येत होतं आणि भांडी आपटावीशीही वाटत होती. तिने भांडीच आपटली.

रविवारी दुपारी ती संग्रहालयात जायला निघाली. नवऱ्याने किल्ली तिच्या हातातून काढून घेतली. म्हणाला, तू काल इस्त्री चालू ठेवलीस, आज गाडी चालू ठेवून उतरशील, मी सोडतो. ती म्हणाली, काम कंटाळवाणं आहे, एक कड तपासायची आहे फक्त. तो म्हणाला, मी दिवसभर लोकांच्या दाढा तपासतो, मला कंटाळ्याचं कौतुक सांगू नकोस. ती गाडीत जाऊन बसली.

नव्या दालनात रंगाचा आणि ओल्या सिमेंटचा वास होता. जमिनीवर कागद अंथरलेले, खिडक्यांना प्लास्टिक. दगड पट्ट्यांनी बांधून, पाचरींवर उभा केलेला, भिंतीतल्या खाचेच्या अगदी तोंडाशी आणून ठेवलेला होता. मध्ये जेमतेम तळहात जाईल एवढी फट. दालनाचं काम बघणाऱ्या बाईंना तिने आधीच फोन केला होता. त्या म्हणाल्या होत्या, बघायचं ते बघ, पण दगड हलवायचा नाही आणि डाग पडला तर मी तुला ओळखत नाही.

ठसा घेण्याची तिची रीत जुनीच, अप्पांकडून शिकलेली. चिवट कागद भिजवायचा, दगडावर पसरायचा, ताठ केसांच्या ब्रशने ठोकून ठोकून खुणांच्या खोबणीत बसवायचा, वाळू द्यायचा. पण ठोकायला हात तर मागे न्यायला हवा. फटीत ब्रश आडवाच होईना. एक कागद फाटला. दुसरा अर्धवट चिकटून लोंबला. तिसरा तिने चुरगाळून फेकला आणि खाली बसली. मनात कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. जमलं नाही. प्रयत्न तर केला. आता सोमवारी गवंड्याने काय ते करावं.

"एवढंच ना?" नवरा म्हणाला. "अगं, माणसाची मागची दाढ याहून अडचणीत असते. थांब, आलोच."

दवाखाना पलीकडच्याच रस्त्यावर होता. त्याला अडवायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. अडवायचं कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तो परत येईपर्यंत ती दालनात येरझाऱ्या घालत राहिली, पायाखाली कागद चुरचुरत होते, आणि तिला वाटत होतं की बाहेरून दाराला कुणीतरी कुलूप लावून घ्यावं.

तो आला तो सगळी आयुधं घेऊन. कपाळावरचा दिवा, लांब दांड्याचा छोटा आरसा, रबरी वाटी, दातांचं माप घ्यायची गुलाबी पूड. पाणी लागलं की तिचा लगदा होतो, थोड्याच वेळात घट्ट होतो, आणि डाग न ठेवता निघून येतो. दगडासमोर गुडघे टेकून त्याने आरसा फटीत सरकवला, अगदी सवयीने म्हणाला, "मोठा आ करा," आणि स्वतःच हसला.

मग हसणं थांबलं.

"इथला चुना कुणीतरी काढलाय," तो म्हणाला.

"पडला असेल."

"पडलेला असा नसतो. हा खरवडलाय. बारीक काडीने, एका बाजूने, सावकाश. मी रोज हेच करतो, मला नको शिकवू. वरती चुना आहे, खालती चुना आहे, मध्येच एवढीशी जागा साफ. एका खुणेपुरती. आणि जुनं काम आहे, वर धूळ बसून काळी झालीय."

म्हणजे अप्पांना नुसती शंका नव्हती, त्यांनी कड साफ करून वाचली होती. तिने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, की राहू दे, चल, घरी जाऊ. पण तोवर त्याने लगदा कालवला होता, आणि कालवलेला लगदा थांबत नाही. त्याने तो पट्टीवर घेतला, फटीत सरकवला, आणि दाबून धरला. रोग्याला धीर देताना बोलतो तसं हळू आवाजात काहीतरी पुटपुटत राहिला. मग पट्टी ओढून घेतली आणि ठसा तळहातावर उलटा केला.

त्याला ती खूण कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दुधाच्या पेल्यावरची ती. दारावरची. फ्रिजवरची.

त्याने ठसा कपाळावरच्या दिव्याखाली धरला. मग विचारलं, "ही माझ्या ओळीत आहे?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिने खाली बसून सगळं सांगितलं. नवा तुकडा, शाप, दार, धान्य, विधवा. क्रियापदाचा अर्थ पोटाशी धरणं नाही, हाकलून देणं आहे. आणि अप्पांना हे ठाऊक होतं. तिने मुद्दामच त्यांची बाजू घेतली नाही. ती अजून रागात होती, आणि कुणीतरी आपल्याबरोबर रागवावं असं तिला वाटत होतं.

तो रागावला नाही. त्याने वाटी धुतली, आरसा पुसला, ठसा ओल्या फडक्यात गुंडाळला, कारण तो वाळला की आकसतो. घरी जाताना नेहमीचं वळण चुकला, पुढे गेला, परत फिरला. एकदाच बोलला. "दवाखान्यातल्या प्रत्येक माणसाला सांगितलंय गं मी. मुलंबाळं घेऊन येतात, त्यांनाही सांगितलंय. माझा शब्द म्हणून." आणि त्याचा आवाज चिरकला. ती खिडकीबाहेर बघत राहिली. आपण एका ओळीपायी आपल्या माणसाच्या पायाखालची जमीन काढून घेतली, असं तिला वाटलं, आणि त्या नव्या तुकड्याचा, तो खणणाऱ्यांचा, फोटो पाठवणाऱ्याचा, सगळ्यांचा तिला संताप आला.

घरी अप्पा खुर्चीत होते आणि सासूबाई शेंगा सोलत होत्या. डॉक्टरने काही न बोलता फडकं सोडलं आणि गुलाबी ठसा अप्पांच्या समोर टेबलावर ठेवला. अप्पांनी डोळे बारीक केले, मग सोडून दिलं आणि बोट फिरवलं. एकदा. दुसऱ्यांदा फिरवायची गरज पडली नाही.

शेंगांचा आवाज थांबला.

"तुम्हाला कधी कळलं?" डॉक्टरने विचारलं.

अप्पांनी सून कुठे उभी आहे त्याचा अंदाज घेतला, तिच्याकडे तोंड केलं आणि म्हणाले, की आधी माहीत नव्हतं, एवढं तरी खरं धर. पोटाशी धरणं हा अर्थ मी इमानाने लावला होता. मग हा रडत आला, मी याला दगडापाशी नेलं, बोट टेकवलं. पुढच्याच आठवड्यात तो दगड एका कोठीतून दुसऱ्या कोठीत हलवला, आणि कड पहिल्यांदाच उजेडात आली. चुना एका जागी सुटल्यासारखा दिसला. मी काडी घेतली.

"आणि?" सूनबाई म्हणाली. तिचा आवाज तिला हवा होता त्याहून कडक निघाला.

"आणि घरी आलो, तर हा शेजारच्या पोरांना ओटीवर बसवून तो शब्द शिकवत होता." अप्पा थांबले. "प्रश्नचिन्ह कुणाकुणापुढे घालायचं असतं, सूनबाई? त्याच्यापुढे घालू?"

नावासाठी नव्हतं हे. तिला लाज वाटली, आणि तरीही अप्पा चुकलेच होते, आणि या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या होत्या, हे काही केल्या तिला पचेना.

डॉक्टर उभाच होता. त्याने ठसा उचलला, परत ठेवला. मग खुर्ची ओढून अप्पांच्या समोर बसला, रोग्यासमोर बसतो तसा, गुडघ्याला गुडघा लावून.

"तो माणूस काय म्हणतोय ते नीट सांगा मला. अख्खी ओळ."

"विधवेच्या मुलाला," अप्पा म्हणाले आणि घुटमळले. "विधवेच्या मुलाला मी घराबाहेर काढलं नाही."

"हं." त्याने टेबलावरच्या ठशावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मी एकदा आईच्या अंगावर ताट फेकलं होतं. आठवतं?"

"मला आठवतं," सासूबाई म्हणाल्या. "अजून पोचा आहे ताटाला."

"दोनदा नापास झालो. तुम्ही माझे कोण लागता, असं तुम्हाला तोंडावर विचारलं, आणि निघून गेलो. तीन गल्ल्या फिरून परत आलो तर दार उघडंच होतं. तुम्ही पेपर वाचत बसला होता. मान वर करून एवढंच म्हणालात, की जेवून घे."

"मग काय म्हणायला हवं होतं?" अप्पांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"पोटाशी धरायला एक दिवस पुरतो, अप्पा. आणलंत, धरलंत, झालं. त्याचं काय एवढं? हाकललं नाही, हे तुम्हाला रोज करावं लागलं." त्याने नाक पुसलं. "त्या माणसाने बरोबर तेच कोरलंय. आणि तुम्ही ते माझ्यापासून लपवून ठेवलंत. एवढा शिकलेला माणूस."

अप्पांनी हात पुढे केला, तो अंदाजाने, आणि तो मुलाच्या गुडघ्यावर पडला. तिथेच राहिला. सासूबाईंनी पदराने डोळे टिपले आणि कुणी बघायच्या आत शेंगांचं ताट जवळ ओढलं.

"मी तेव्हाच म्हणत होते," त्या म्हणाल्या, "त्या सवतीचं काही खरं नाही म्हणून."

यावर सूनबाईला हसू आलं आणि रडूही, आणि दिवसांमागून दिवस छातीवर बसलेलं काहीतरी हललं. पण अजून काम बाकी होतं. तिने दालनाच्या बाईंना फोन लावला आणि फोन अप्पांच्या कानाला धरला. अप्पा घसा साफ करून म्हणाले, की दगड फिरवा, दुसरी कड आत घाला. चुन्याची बाहेर राहू दे, लोकांना दिसली पाहिजे. पलीकडून बराच आरडाओरडा ऐकू आला. खाच मापाने केली आहे, गवंडी उद्या सकाळी येतोय, सही तुमचीच आहे. अप्पा शांतपणे म्हणाले, "हो. चूकही माझीच आहे. तीसुद्धा लिहा."

मग सूनबाईने शब्दकोशाच्या तपासणीच्या कागदांतली ती नोंद काढली. आधीचं 'पोटाशी धरणे' खोडलं. खोडताना पेन क्षणभर अडलं. अप्पा म्हणाले, की लिही, घराबाहेर काढणे, हाकलून देणे. तिने लिहिलं. आणि सवयीने विचारलं, "प्रश्नचिन्ह घालू?"

अप्पांनी तोंड उघडलं. पुरावा आता दोन दगडांवर होता, शाप आणि बढाई दोन्हींत अर्थ बसत होता, पण अप्पा ते अप्पाच. त्यांच्या ओठांवर 'घाल' आलं होतं, हे तिला स्पष्ट दिसलं. मग त्यांनी मान मुलाकडे वळवली.

"तू सांग. शब्द तुझा आहे."

डॉक्टरने टेबलावरचा गुलाबी ठसा उचलला. एव्हाना तो कडेने आकसायला लागला होता. त्याने तो फडक्यात पुन्हा नीट गुंडाळला, उठून स्वयंपाकघरात गेला, आणि फ्रिजवरची आईची नकाराची चिठ्ठी काढून आणली. ती त्याने सूनबाईच्या कागदावर, नोंदीच्या शेवटी, जिथे प्रश्नचिन्ह येणार होतं तिथे, अंगठ्याने दाबून चिकटवली.